क्लायंट राजा असतो तेव्हा: तंजावरच्या मराठ्यांचं तिरुविसनल्लूर

तंजावरच्या मराठ्यांवरच्या मालिकेत आज लढाई नाही, वारसाहक्काचं भांडणही नाही. आज एक गाव आहे आणि एक दुखणं आहे. गाव तीनशे वर्षांपूर्वीचं आणि दुखणं अगदी आजचं.

दुखण्यापासून सुरुवात करू. जाहिरात एजन्सीत, डिझाइन स्टुडिओत, कंटेंटच्या कंपनीत काम करणारी मुलं-मुली तुमच्या घरात किंवा शेजारी असतीलच. सकाळी ब्रीफ येतं, दुपारी ते बदलतं, रात्री अकराला क्लायंट म्हणतो की पहिलंच बरं होतं. तोवर तिसरं कॅम्पेन डोक्यावर बसलेलं असतं. पिचसाठी आठवडाभर जागरण करायचं, आणि पिच हरली तर त्या जागरणाचा हिशोब कुठेच लागत नाही. जिंकली, तर नाव दुसऱ्याचं लागतं. दोन-चार वर्षांनी हा माणूस म्हणायला लागतो, "आता काही सुचतच नाही." याला आपण बर्नआऊट म्हणतो. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञाने १९७४ साली हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला, तोही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या यादीत त्याची नोंद केली ती आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था, अशी केली. हा फरक लक्षात ठेवा. दुखणं माणसात दिसतं, पण उगम कामाच्या रचनेत असतो, असं ती नोंद सांगते.

आता गाव. तमिळनाडूत कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर, कावेरीच्या पट्ट्यात तिरुविसनल्लूर आहे. तिथे शिवयोगिनाथाचं जुनं देऊळ आहे. देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेलं अर्धवर्तुळाकार सूर्यघड्याळ आहे, मधल्या खिळ्याची सावली वेळ दाखवते. पण मराठी माणसाने या गावाकडे बघावं ते १६९३ सालासाठी. त्या वर्षी तंजावरच्या शहाजीराजांनी हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दान दिलं आणि गावाला नाव पडलं शहाजीराजपुरम.

इथे नेहमीचा गोंधळ आधीच मिटवतो. हे शहाजी म्हणजे शिवछत्रपतींचे वडील नव्हेत. वडील शहाजीराजांचे चिरंजीव एकोजी ऊर्फ व्यंकोजी, ज्यांनी तंजावर घेतलं, त्यांचे हे थोरले पुत्र. म्हणजे शिवछत्रपतींचे पुतणे. १६८४ मध्ये ते गादीवर आले तेव्हा अगदी कोवळे होते, आणि अग्रहार दिला तेव्हा जेमतेम विशीत. बाहेरची परिस्थिती काय होती? उत्तरेला जिंजीत राजाराम महाराज अडकलेले, मोगलांचा वेढा पडलेला. पुढच्याच वर्षी जुल्फिकारखानाने तंजावरवर दबाव आणून शहाजीराजांकडून खंडणी कबूल करून घेतली. अशा काळात एक तरुण राजा व्याकरणाच्या, काव्याच्या, दर्शनांच्या पंडितांना गाव लिहून देतो. काहींना ही उधळपट्टी वाटते. मला वाटत नाही, आणि का ते पुढे सांगतो.

अग्रहार म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. दरबारातून कवीला पैसे मिळण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक बक्षिसाची. कवीने दरबारात यायचं, स्तुती म्हणायची, समस्यापूर्ती करायची, राजा खूश झाला तर शाल, मोहरा, कडं. आजच्या भाषेत प्रोजेक्ट फी. काम आवडलं तर पैसे, नाही तर नमस्कार. दुसरी तऱ्हा अग्रहाराची. राहायला घर, गावाच्या जमिनीत वाटा, आणि तो वाटा वंशपरंपरेने चालणारा. यात अमुक दिवसांत अमुक श्लोक द्या, असली अट नसायची. अध्ययन करा, अध्यापन करा, इतकंच. कोणी याला आजच्या रिटेनरची उपमा देईल, पण ती जुळत नाही. रिटेनरमध्ये क्लायंट महिन्याकाठी तास मोजून मागतो. अग्रहारात तास मोजणारं कोणी नव्हतं.

शिवाय अंतर. तिरुविसनल्लूर ते तंजावरचा राजवाडा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. त्या काळी सकाळी निरोप पाठवून संध्याकाळी पंडिताला हजर करता येत नव्हतं. राजाच्या मनात आलं आणि लगेच कवी पुढे उभा, हे जमत नसे. माझ्या मते शहाजीराजांच्या दानातली ही सर्वांत मोलाची गोष्ट होती, मग ती त्यांनी जाणून दिलेली असो वा नसो.

या गावातून काय निघालं ते बघा. अग्रहारातले अग्रणी रामभद्र दीक्षित. मदुरैच्या नीलकंठ दीक्षितांचे शिष्य. त्यांनी 'जानकीपरिणय' हे नाटक लिहिलं, त्यात राक्षस राम-लक्ष्मणांची रूपं घेऊन येतात आणि खरं कोण, खोटं कोण, असा धमाल घोटाळा होतो. त्यांनी 'पतंजलिचरित' लिहिलं, म्हणजे चक्क एका व्याकरणकाराच्या आयुष्यावर काव्य. आता सांगा, कुठल्या राजाने असं ब्रीफ दिलं असतं? महाभाष्याच्या कर्त्यावर सर्गच्या सर्ग लिही, असं कुठला आश्रयदाता म्हणेल? ज्याला उद्याच्या भाताची चिंता नाही आणि मनात रुतलेला विषय आहे, तोच असलं काही लिहू शकतो.

उलट बाजूही सांगायला हवी, नाही तर तुम्ही म्हणाल की मी अग्रहाराची जाहिरात करतोय. त्याच गावच्या श्रीधर वेंकटेशांनी, ज्यांना तमिळ लोक प्रेमाने अय्यावाळ म्हणतात, शहाजीराजांवर 'शाहेंद्रविलास' नावाचं काव्य लिहिलं. राजाची स्तुतीच ती. म्हणजे कृतज्ञतेचं ओझं होतंच. पण त्याच अय्यावाळांची खरी ओळख नामसंकीर्तनाचे आचार्य अशी आहे. दक्षिणेतली जी भजनपरंपरा पुढे मराठी अभंगांनाही आपल्यात घेऊन वाढली, तिच्या मूळ पुरुषांत त्यांचं नाव आहे. राजस्तुती एकदा लिहून झाली, आयुष्य दुसऱ्याच कामात गेलं.

आता राजवाड्यात चला. तिथलं चित्र वेगळं आहे. शहाजीराजे स्वतः लेखक होते. तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु', मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण' नाटक. हे नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचं, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'च्या दीडशे वर्षं आधीचं. (पहिलं मराठी नाटक कोणतं, हा वाद आज उकरत नाही. त्यावर वेगळा भाग करावा लागेल.) राजाच्या नावावर शब्दकोशही आहे. राज्य चालवत, खंडण्या भरत एका माणसाने हे सगळं एकट्याने केलं असेल का? दरबारी पंडितांचे हात त्यामागे असणार, असं मानायला जागा आहे. ते हात कोणाचे, हे मुखपृष्ठावर येत नाही.

आणि एक प्रकरण तर याहून बोलकं आहे. शहाजीराजांच्या कारभारात आनंदराय मखी नावाचे मंत्री होते. घराणं एकोजींपासून दरबारात. मुत्सद्दी, लष्करी मोहिमांतही वावरलेले. त्यांच्या नावावर दोन संस्कृत रूपकात्मक नाटकं आहेत, 'विद्यापरिणय' आणि 'जीवानंदन'. पण पंडितपरंपरा असं मानते की ती लिहिली वेदकवी नावाच्या आश्रित कवीने आणि नाव लावलं आश्रयदात्याचं. घोस्टरायटिंग म्हणतात ते हेच. एजन्सीतल्या लोकांना हे ऐकून हसू येईल. क्रिएटिव्ह डायरेक्टरने स्टेजवर जाऊन ट्रॉफी घ्यायची आणि जिने ओळ लिहिली ती मुलगी शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत बसायची, ही रीत काही मुंबईत शोधलेली नाही.

'जीवानंदन'वर थोडं थांबू, कारण या नाटकाचा विषयच आजारपण आहे. राजा आहे जीव. राणी बुद्धी. राजधानी म्हणजे शरीर. मंत्री विज्ञानशर्मा. आणि या शरीरनगरीला वेढा घातलाय राजयक्ष्म्याने. राजयक्ष्मा म्हणजे क्षय, रोगांचा राजा. त्याचा मंत्री पांडुरोग, बाकीचे रोग सैनिक. पलीकडून औषधं लढायला उतरतात. सात अंकांचं हे आयुर्वेदाचं युद्ध. जिंजीचा वेढा ज्यांच्या डोळ्यांसमोर घडून गेला, त्या पिढीचं हे नाटक आहे, हे विसरू नका. वेढा, रसद, फितुरी हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले होते.

खलनायक म्हणून क्षयच का निवडला असेल? त्या काळच्या वैद्याच्या डोक्यात या रोगाची कारणं कशी मांडलेली होती, ते बघू. चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषाची, म्हणजे शरीर सुकवणाऱ्या या रोगाची, चार कारणं दिली आहेत. पहिलं साहस. हे आपलं धाडस नव्हे. साहस म्हणजे ताकदीपलीकडचं काम. बलवानाशी झुंजणं, पेलत नाही असं ओझं उचलणं, आणि गंमत म्हणजे या यादीत अति बोलणंही आहे. दुसरं संधारण, म्हणजे शरीराचे वेग रोखून धरणं. तिसरं क्षय, शोक-चिंतेने आणि अन्नाच्या अभावाने आतलं सगळं आटणं. चौथं विषमाशन, वेळी-अवेळी, कसंही, काहीही खाणं.

या चारांत मला सर्वांत जास्त दुसरं कारण आवडतं. माणूस वेग का रोखतो? चरकसंहिता म्हणते, राजाजवळ बसलेला असतो म्हणून. मालकाजवळ, गुरूच्या पायाशी, सभेत, प्रवासात असतो म्हणून. भीतीने, भिडेने, लाजेने उठत नाही आणि रोखून धरतो. विचार करा, किती बारीक निरीक्षण आहे हे! ज्याने लिहिलं त्याने दरबार पाहिला होता. राजा समोर बसलेला असताना चुळबुळ करत बसलेली माणसं पाहिली होती. आणि त्याने दोष त्या माणसाच्या प्रकृतीला दिला नाही, तो कुठे आणि कोणासमोर बसलाय त्याला दिला.

आज ही चारही कारणं एजन्सीच्या कुठल्याही मजल्यावर सापडतील. तिघांचं काम एकाकडे, हे साहस. क्लायंटबरोबरचा कॉल अडीच तास चाललाय, कॅमेरा चालू आहे, उठता येत नाही, हे संधारण. नोकरी जाईल का, अप्रेझलमध्ये काय होईल, याने आतून आटणं. आणि रात्री साडेबाराला मागवलेली बिर्याणी, सकाळी नुसती कॉफी, हे विषमाशन. मी असं म्हणत नाही की बर्नआऊट म्हणजे क्षयरोग. क्षय जंतूने होतो, त्यावर औषध आहे, कृपा करून कोणी गोंधळ करू नका. मी इतकंच म्हणतो की कामाची रचना माणसाला सुकवते, ही समज आपल्याकडे जुनी आहे. आणि दरबाराच्या सावलीत राबणाऱ्या एका कवीने, परंपरा खरी मानली तर ज्याचं नावही नाटकावर लागलं नाही त्या कवीने, नेमका हाच रोग खलनायक म्हणून निवडला. त्याच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक नाही. पण मला ही निवड निव्वळ योगायोग वाटत नाही.

जरा दूर जपानात जाऊ. डेंत्सू ही तिथली सर्वांत मोठी जाहिरात एजन्सी. १९५१ साली तिच्या अध्यक्षांनी कर्मचाऱ्यांसाठी दहा नियम लिहिले. त्यांतल्या एकाचा भावार्थ असा की हाती घेतलेलं काम जीव गेला तरी सोडू नका. हे नियम कर्मचाऱ्यांच्या डायरीत छापले जात. १९९१ मध्ये तिथल्या २४ वर्षांच्या एका कर्मचाऱ्याने अतिकामाने खचून जीव दिला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००० मध्ये न्यायालयाने कंपनीची जबाबदारी मान्य केली. निकाल गाजला. आणि तरी २०१५ मध्ये त्याच कंपनीत, पुन्हा २४ वर्षांच्याच एका तरुणीने तसाच जीव दिला. त्यानंतर नियमांची ती पानं डायरीतून गेली, रात्री दहाला इमारतीचे दिवे बंद होऊ लागले, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने कंपनीला दंड केला पाच लाख येन. आपल्या हिशोबाने तीन लाख रुपयांच्या आसपास. त्या कंपनीच्या एका जाहिरातीच्या चहापाण्याचा खर्चही याहून जास्त असेल.

महाराष्ट्रातही दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा झाला, त्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरची माणसं त्या कक्षेत येत नाहीत. आता एजन्सीतली पदनामं आठवा. दोन वर्षांच्या अनुभवावर मुलगा 'मॅनेजर' किंवा 'सुपरवायझर' होतो. पगार तोच, व्हिजिटिंग कार्ड जड.

मग या सगळ्यावर तिरुविसनल्लूर हा उतारा होता का? इथे मला तुम्हाला अग्रहाराच्या वेशीबाहेर न्यायचंय. पंडिताला घर मिळालं, जमिनीत वाटा मिळाला. ती जमीन कसत कोण होतं? कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती पन्नैयाळ म्हणजे बांधील शेतमजुरांच्या पाठीवर चालायची, आणि त्यांत बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक. त्यांना अग्रहाराच्या गल्लीत पाऊल टाकायची मुभा नव्हती. रामभद्र दीक्षितांना पतंजलीवर लिहायला जी निवांत दुपार मिळाली, ती कुणीतरी गुडघाभर चिखलात उभं राहून दिलेली होती. साहस, म्हणजे ताकदीपलीकडचं काम, गावातून नाहीसं झालं नव्हतं, ते वेशीबाहेर गेलं होतं. गुलामगिरीला कायद्याचा आधार काढून घेणारा कायदा यायला १८४३ साल उजाडलं, आणि शेतावरची बांधिलकी त्यानंतरही लगेच सुटली नाही.

गावाला हे टोचलं असेल का? अय्यावाळांची प्रसिद्ध कथा ऐका. घरी वडिलांचं श्राद्ध. ब्राह्मणांसाठी स्वयंपाक झालेला. दारात एक भुकेला अस्पृश्य आला आणि अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं. गाव खवळलं. प्रायश्चित्त सांगितलं गंगास्नानाचं, म्हणजे काशीला जा. त्यांनी गंगेची प्रार्थना केली आणि घरच्या विहिरीत गंगा उसळली. चमत्कार मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला कथेचा पहिला भाग जास्त खरा वाटतो: निवांतपणाचा वाटा मिळालेल्या माणसाला दारातली भूक दिसली, आणि ती दिसल्याबद्दल त्याच्याच लोकांनी त्याला शिक्षा फर्मावली.

याच गावात शिकलेले सदाशिव ब्रह्मेंद्र वेगळ्याच वाटेने गेले. वादविवादात भल्याभल्यांना गप्प करणारा हा बुद्धिमान तरुण. गुरूंनी म्हणे एकदा विचारलं, सगळ्यांची तोंडं बंद करतोस, स्वतःचं कधी करणार? तेव्हापासून मौन. पुढे ते कीर्तनं रचत, नदीकाठाने भटकत राहिले, आणि नेरूरला त्यांची समाधी आहे. हल्ली कोणी याला बर्नआऊट म्हणून मोकळं होईल. तसं करू नये. संन्यास आणि थकवा एक नव्हेत. पण सतत बोलत राहणं, सतत जिंकत राहणं थांबवलं, आणि गाणी त्यानंतर आली, हा क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणखी शंभर वर्षांनी तिरुवैयारुच्या त्यागराजांनी सरफोजीराजांचं दरबारी आमंत्रण नाकारलं, असं सांगतात. ते भिक्षेवर राहिले. हा मार्ग थोर, पण घरभाड्याचे हप्ते भरणाऱ्या माणसाला मी तो सुचवणार नाही. त्यापेक्षा आपल्याकडचे अरुण कोलटकर बघा. मुंबईच्या जाहिरात व्यवसायात ते गाजलेले कलावंत होते, पुरस्कारांवर पुरस्कार मिळालेले. कविता त्यांनी त्या बाजाराला जोडली नाही. १९७६ ला 'जेजुरी', १९७७ ला मराठी संग्रह, आणि मग 'भिजकी वही' थेट २००३ ला. ज्याच्यावर कोणाची डेडलाइन नाही, असं एक काम त्यांनी स्वतःपाशी राखलं. शहाजीराजांनी दिलं ते गाव त्यांनी स्वतःच्या पगारातून वसवलं, म्हणा ना.

मघाशी म्हटलं, अग्रहाराचं दान मला उधळपट्टी वाटत नाही, त्याचं कारण आता सांगतो. खंडणीत गेलेल्या रकमा गेल्या. मराठी सत्ताही गेली. त्या गावात लिहिलेलं मात्र आजही वाचलं जातं, गायलं जातं. कार्तिकातल्या अमावस्येला अय्यावाळांच्या विहिरीवर स्नानासाठी अजून रांगा लागतात. शहाजीराजपुरम हे नाव मागे पडलं, लोक जुनंच नाव घेतात.

आणि वेदकवी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 'जीवानंदन' काव्यमालेत छापलं. कर्ता म्हणून नाव आहे आनंदराय मखींचं.